सूर्य ते पृथ्वी : वाटेवरचा पहारा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी कामगार कायद्यावर बोलेन, फार तर कंत्राटी पद्धतीवर बोलेन. मी ‘सूर्याची वादळे’ असे सांगितले, तेव्हा ते जरा वेळ माझ्याकडे पाहतच राहिले. त्यात त्यांचा काही दोष नाही. माझे शाळेतले शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावर संपले. पुढचे सारे शिक्षण रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले, आणि पन्नाशी उलटली तरी ते चालूच आहे. तेव्हा एका विद्यार्थ्याने इतर विद्यार्थ्यांना काही सांगितले असे समजावे, आणि चूक आढळली तर शेवटी खुशाल कान धरावा.

आधी एक हकीकत सांगतो. तरुणपणी मी एका कारखान्यात फिटर होतो. कारखान्याला स्वतःची रेल्वे साईडिंग होती आणि तिच्या दुरुस्तीवर आठ माणसांची गँग असे. त्या आठांपैकी एक माणूस दिवसभर वळणावर उभा राही. हातात लाल झेंडी, गळ्यात शिटी. वॅगन येताना दिसली की शिटी फुंकायची, एवढेच त्याचे काम. एके दिवशी हिशेब तपासणाऱ्या साहेबांच्या ध्यानात आले की हा गृहस्थ फावड्याला हातच लावीत नाही. आठांचे सात झाले. तिसऱ्या आठवड्यात मागून ढकलत आणलेल्या वॅगनी वळणावरून आल्या आणि आमच्या एका सोबत्याचे दोन्ही पाय गेले. चौकशीत काय निष्पन्न झाले? तर कामगार निष्काळजी होता! त्या चौकशीत मी पहिल्यांदा उभा राहून बोललो, आणि युनियनचे काम तेव्हापासून मागे लागले ते आजतागायत.

त्या प्रसंगाने मला एक धडा दिला. पहारा करणारा माणूस हिशेबाच्या वहीत नेहमी रिकामाच दिसतो. त्याचे काम दिसते ते तो नसतो तेव्हा. पुढे सूर्याच्या वादळांविषयी वाचू लागलो, तेव्हा तोच वळणावरचा माणूस मला पुन्हा भेटला. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या पंधरा कोटी किलोमीटरच्या वाटेवर पहारा कोण करतो, कशाने करतो, आणि तो अपुरा का पडतो, हे सांगण्याचा आज माझा विचार आहे.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. सूर्याच्या भोवती अतिशय तापलेल्या विरळ वायूचे एक वलय असते. त्याला करोना म्हणतात. त्या नावाचा आपण २०२० साली फार धसका घेतला, पण मूळ अर्थ मुकुट एवढाच. म्हणून आपण त्याला किरीट म्हणू. खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या तबकडीभोवती जी रुपेरी प्रभा दिसते ती याचीच. या किरीटातून विद्युद्भारित कणांचा एक वारा सतत वाहत असतो, साधारणपणे सेकंदाला तीन-चारशे किलोमीटर वेगाने. हा झाला रोजचा वारा. परंतु सूर्यावरची चुंबकी क्षेत्रे पीळ भरलेल्या दोरासारखी ताणली जातात, आणि तो पीळ अकस्मात सुटला म्हणजे किरीटाचा एक मोठा लोट अवकाशात फेकला जातो. अशा एका लोटात शंभर कोटी टन आणि कधी त्याहूनही अधिक द्रव्य असते, आणि त्याच्या पोटात सूर्याचे चुंबकी क्षेत्र गुंडाळलेले असते. वेग सेकंदाला काहीशे किलोमीटरपासून दोन-तीन हजार किलोमीटरपर्यंत. म्हणजे पृथ्वीपर्यंत यायला एखाद्याला चार दिवस लागतात, तर एखादा पंधरा-अठरा तासांतच दारात उभा राहतो.

असा लोट १८५९ साली आला. १ सप्टेंबरला सकाळी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरील डागांचे चित्र काढीत बसले होते. त्यांना डागांमध्ये एकाएकी पांढरा लखलखाट दिसला. त्यानंतर साडेसतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकी वादळ सुरू झाले. अमेरिकेतल्या तारमास्तरांना यंत्राला हात लावताच झटके बसू लागले. बोस्टन आणि पोर्टलंड या दोन शहरांमधल्या मास्तरांनी तर बॅटऱ्या काढून टाकल्या आणि तारेत आपोआप उत्पन्न होणाऱ्या विजेवर सुमारे दोन तास संदेश धाडले! पगार कंपनीचा आणि वीज सूर्याची, असा हा प्रकार.

या वादळाची एक अत्यंत मोलाची नोंद झाली ती आपल्या मुंबईत. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. तेथील माणसे दर तासाला डोळ्यांनी काटा पाहून आकडा वहीत लिहीत, आणि काटा अस्वस्थ झाला की दर पंधरा मिनिटांनी, पाच-पाच मिनिटांनीही लिहीत. २ सप्टेंबरच्या सकाळी तो काटा असा कोसळला की चुंबकत्वाच्या भाषेत १६०० नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली. म्हणजे मुंबईत पृथ्वीच्या चुंबकत्वाचा जो आडवा जोर आहे, त्यात शेकडा चारच्या आसपास खोट आली. ती वही पडून राहिली. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी, २००३ साली, आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लखिना व अॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या आकड्यांचा अर्थ लावला, आणि ते वादळ किती प्रचंड होते हे जगाला आकड्यांत कळले. नोंद करणाऱ्यांना आपण काय लिहीत आहोत हे ठाऊक नव्हते. नेमून दिलेले काम त्यांनी चुकवले नाही, एवढेच.

तुम्ही म्हणाल, तारायंत्राचे दिवस गेले, आता आम्हांला काय? तर उलट आहे. तारा वाढल्या, तसा धोका वाढला. १९२१ च्या मे महिन्यात स्वीडनमध्ये कार्लस्टाडचे टेलिफोन केंद्र अशाच वादळात जळाले. १९८२ च्या जुलैत त्याच देशात रेल्वेचे सिग्नल, रुळावर गाडी नसताना, आपोआप लाल झाले. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज दीड-दोन मिनिटांत कोसळली आणि साठ लाख माणसे सुमारे नऊ तास अंधारात राहिली. २०२२ च्या फेब्रुवारीत एका अमेरिकन कंपनीने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ३८ गमावले, आणि ते वादळ तर अगदी मामुली होते. वादळाने तापून वरचे वातावरण फुगले आणि नुकते सोडलेले उपग्रह त्या हवेत अडकून खाली आले. १० मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथून आकाश तांबडे झालेले दिसले, त्याची छायाचित्रे आपण पाहिली. त्याच वेळी अमेरिकेत ऐन पेरणीत शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर थांबले, कारण उपग्रहावरून दिशा घेणारी त्यांची यंत्रे चुकू लागली. आपला देश ध्रुवापासून दूर आहे, त्यामुळे क्वेबेकइतका धोका आपल्याला नाही. उगीच भिण्याचे कारण नाही. पण बेफिकीर राहण्याचेही नाही, हे कुलाब्याची वही सांगते.

आता पहाऱ्याकडे येऊ. मी कल्याणचा. यार्डातल्या शंटिंगच्या आवाजात लहानाचा मोठा झालो. तेव्हा मला हा सारा मामला रेल्वेच्या नकाशावर मांडल्याशिवाय समजत नाही. कल्याण म्हणजे सूर्य समजा आणि कसारा म्हणजे पृथ्वी. अंतर सदुसष्ट किलोमीटर. कल्याणहून गाडी सुटली की पुढच्या स्टेशनाला खबर जाते, त्याच्या पुढच्याला जाते, आणि गाडी कोठे आहे हे प्रत्येक मास्तराला ठाऊक असते. सूर्याच्या गाडीचे काय?

ती सुटताना आपल्याला दिसते. सूर्याची तबकडी झाकून भोवतालचा किरीट पाहण्याची युक्ती फ्रान्सच्या बर्नार लिओ यांनी १९३० च्या सुमारास शोधली. जणू घरच्या घरी केलेले ग्रहणच! १९७१ साली हे यंत्र उपग्रहावर बसवले गेले आणि किरीटातून सुटलेला लोट पहिल्यांदा अवकाशातून दिसला. १९९५ साली सोहो नावाचे यान गेले. दोन वर्षांच्या कामासाठी पाठवलेल्या त्या यानाने पंचवीस वर्षांहून अधिक चाकरी केली. त्याची नजर सूर्याच्या त्रिज्येच्या तीसपट अंतरापर्यंत पोचते. आपल्या नकाशावर हे अंतर टिटवाळ्याच्या अलीकडेच संपते.

दुसरा पहारेकरी अगदी आपल्या दाराशी आहे. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवर असे एक ठिकाण आहे की तेथे यानाला थोड्या इंधनात राहता येते. आपले आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी तेथे पोचले. त्यावरचे एक यंत्र पुण्याच्या आयुकाने केलेले आहे. लोट तेथे पोचला की त्याचा वेग, दाटी, चुंबकी क्षेत्र सारे मोजता येते. परंतु पंधरा कोटींपैकी पंधरा लाख म्हणजे शेकडा एक! आपल्या नकाशावर कसाऱ्याच्या अलीकडे एक किलोमीटरसुद्धा नाही. लोट सेकंदाला हजार किलोमीटरने येत असेल तर हाती पंचवीस मिनिटे उरतात. दोन हजारांनी येत असेल तर बारा.

म्हणजे टिटवाळा सोडले की खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी या साऱ्या वाटेवर काळोख. आणि या वाटेवरच तर गाडीचे भवितव्य ठरते. वेगवान लोट रोजच्या वाऱ्याला घासून मंदावतो, संथ लोट त्या वाऱ्याबरोबर ओढला जातो. मागून सुटलेला लोट पुढच्याला गाठतो. कधी दिशा जराशी वळते आणि पृथ्वी वाचते. नुसत्या सुटण्याच्या वेळेवरून पोचण्याची वेळ वर्तवली, तर आजही सरासरीने दहाएक तासांची चूक होते. आमच्या कल्याणच्या लोकांनासुद्धा इतका उशीर चालत नाही!

मग वाटेवर पाहायचे कसे? अडचण अशी की हा लोट अवाढव्य असला तरी पृथ्वीजवळ येईतो कमालीचा विरळ झालेला असतो. काडेपेटीत मावेल एवढ्या जागेत रोजच्या सौर वाऱ्याचे शे-दोनशे कण, आणि लोट आला तर त्याच्या काही पट. तेवढ्याच काडेपेटीत आपल्या हवेचे रेणू मोजायचे तर पाचावर वीस शून्ये द्यावी लागतील. एक मार्ग असा की त्या विरळ कणांवरून विखुरलेला सूर्यप्रकाश टिपायचा. २००३ साली आणि पुन्हा २००६ साली अशी यंत्रे अवकाशात गेली. २००६ ची जुळी याने सूर्य-पृथ्वीच्या वाटेकडे बाजूने पाहत. २३ जुलै २०१२ रोजी एक भयंकर लोट सुटला, तो त्यांतल्या एका यानावरून गेला. पृथ्वी त्या बाजूला नव्हती हे आपले नशीब. पुढे २०१४ साली जोडीतल्या दुसऱ्या यानाशी संपर्क तुटला.

दुसरा मार्ग मला स्वतःला अधिक आवडतो, कारण तो जमिनीवरून, तारा आणि खांब यांच्या जोरावर चालतो. भट्टीच्या पलीकडे उभा असलेला माणूस आपल्याला थरथरताना दिसतो. माणूस स्थिर असतो. थरथरते ती मधली तापलेली हवा. तारे लुकलुकतात तेही हवेमुळेच. आकाशात काही अतिदूरच्या वस्तू रेडिओ लहरी पाठवतात. त्यांतल्या ज्या अगदी बिंदूएवढ्या दिसतात, त्यांच्या लहरी सौर वाऱ्यातून येताना अशाच लुकलुकतात. सेकंदा-सेकंदाला त्यांचा जोर कमीजास्त होतो. उथळ पाण्याच्या तळाशी उन्हाची जाळी हलताना आपण पाहिली आहे. तशी एक रेडिओ लहरींची अदृश्य जाळी सौर वाऱ्याच्या वेगाने आपल्या डोक्यावरून सतत सरकत असते. वाटेत दाट, खवळलेला लोट आडवा आला की लुकलुकणे वाढते. प्रत्येक वस्तू रोज किती लुकलुकते याचा हजेरीपट ठेवायचा. आज आकाशाच्या एका भागातल्या साऱ्या वस्तू नेहमीपेक्षा दुपटीने लुकलुकू लागल्या, म्हणजे तिकडून लोट चालला आहे असे समजायचे.

हे लुकलुकणे १९६४ साली केंब्रिजमध्ये अँटनी ह्यूइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. मार्गारेट क्लार्क या विद्यार्थिनीच्या नोंदींत ते प्रथम ध्यानात आले होते. मग त्यासाठी साडेचार एकरांवर खांब ठोकून तारांचे जाळे उभारले. खांब ठोकणाऱ्यांत जोसलिन बेल ही विद्यार्थिनी होती. ती घण चालवायला तेथेच शिकली. त्याच जाळ्यावर १९६७ साली तिला टिकटिक करणारे तारे, म्हणजे पल्सार, सापडले. १९७४ चे नोबेल पारितोषिक मात्र ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले. बेलबाईंनी स्वतः याबद्दल तक्रार केली नाही. पण युनियनचा माणूस म्हणून मला ही नोंद केल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुढे १९७८ च्या सुमारास तेच जाळे वाढवून सुमारे नऊशे वस्तूंचा रोजचा हजेरीपट ठेवला गेला, आणि सूर्य-पृथ्वीच्या वाटेवरच्या हवामानाचे नकाशे पहिल्यांदा निघाले.

आपल्या देशातही हे काम झाले, आणि त्याचा एक धागा आमच्या कल्याणला बांधलेला आहे. गोविंद स्वरूप यांनी भारतातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण १९६५ साली कल्याणजवळ उभी केली. ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या सहा-सहा फुटांच्या बत्तीस थाळ्या, आणि काम सूर्य पाहण्याचे. त्यानंतर त्यांनी उटीजवळ जी दुर्बीण बांधली, तिची युक्ती पाहून कोणताही फिटर टोपी काढील. पाचशे तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असे ते पन्हाळे आहे. चोवीस पोलादी चौकटी, त्यांवर ताणलेल्या अकराशे स्टेनलेस स्टीलच्या तारा. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते त्याला ते समांतर हवे. म्हणून अक्षांशाइतकाच, अकरा अंशांचा, उतार असलेली टेकडी शोधून काढली. त्यामुळे एकाच दिशेने फिरवून एखाद्या वस्तूचा साडेनऊ तास पाठलाग करता येतो. १९७० साली ती चालू झाली, मुख्यतः दुसऱ्याच कामासाठी. पण याच दुर्बिणीवर मनोहरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे लुकलुकण्याच्या नोंदी करून सूर्याचे लोट अर्ध्या वाटेवर गाठले. जपानच्या नागोया विद्यापीठाने तर शंभरेक किलोमीटर अंतरावर अनेक केंद्रे बसवली. एका केंद्रावर दिसलेला चढउतार सेकंदाच्या अंशाने दुसऱ्यावर दिसतो, त्यावरून वाऱ्याचा वेग थेट निघतो. दोन खांबांमधला वेळ मोजून आमचे गँगमन गाडीचा वेग सांगतात, तीच ही रीत.

या पद्धतीची कमतरता झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एका वस्तूचे लुकलुकणे हे तिच्यापासून आपल्यापर्यंतच्या साऱ्या रेषेची गोळाबेरीज असते. लोट नेमका कोठे हे एका रेषेवरून कळत नाही. शेकडो रेषा एकत्र करून, इस्पितळात शरीराच्या आतले चित्र काढतात तसे गणित करावे लागते. शिवाय लोटाच्या पोटातले चुंबकी क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे याने सांगता येत नाही. आणि दक्षिणेकडे असेल तरच तो खरा डसतो. ते शेवटच्या पंधरा लाख किलोमीटरवरच कळते. म्हणून एक पहारेकरी दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. सुटणारी गाडी पाहणारा, वाटेवर पाहणारा आणि दाराशी पाहणारा असे तिघेही हवेत.

आणखी असे की पृथ्वी फिरते. उटीला सूर्याकडची दिशा मावळली की उटीची पाळी संपली. पुढे युरोपने पाहावे, मग मेक्सिकोने, मग जपानने, आणि पुन्हा आपण. एक पाळी रिकामी राहिली तर नेमका त्याच वेळात लोट निघून जातो. कारखान्यात तीन पाळ्या चालतात कारण भट्टी थंड होऊ देता येत नाही. येथे तर सूर्याचीच भट्टी आहे.

इतके करून साधणार काय? तास हाती येतात. पाच-सात तास आधी खात्रीची खबर मिळाली, तर वीजकेंद्रातले लोक दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या वाहिन्या जोडून घेतात, ट्रान्स्फॉर्मरवरचा भार उतरवतात. विमाने ध्रुवाकडचा मार्ग टाळतात. उपग्रहांचे उड्डाण पुढे ढकलता येते. पण खबर खात्रीची हवी. भोंगा दहादा खोटा वाजला की अकराव्यांदा कोणी धावत नाही, हे गिरणगावातल्या माणसाला सांगायला नको. उद्या केव्हातरी येईल, कदाचित येणार नाही, अशा इशाऱ्यावर कोणता इंजिनियर साहेब भार उतरवील? वाटेवरचा पहारा हवा तो यासाठी.

आणि येथेच मला माझ्या वळणावरच्या माणसाची आठवण येते. नवे यान उडते तेव्हा पेपरात फोटो येतो. ते योग्यच आहे, मलाही अभिमान वाटतो. पण रोज त्याच शेकडो वस्तू पाहून तोच हजेरीपट भरणे, तारांचा गंज काढणे, जुनी यंत्रे चालती ठेवणे, याचा फोटो कोणी काढीत नाही. सूर्य शांत असण्याच्या वर्षांत तर विचारले जाते, ‘हे लोक करतात तरी काय?’ सूर्याचा हा चढउतार साधारण अकरा वर्षांचा असतो. शांत वर्षांत माणसे कमी केली, तर वादळाच्या वर्षांत ती आणायची कोठून? हात तयार व्हायला वर्षे लागतात, हे कोणताही जुना कारागीर सांगेल.

आपल्या जवळच याचे चांगले उदाहरण आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विजेने कुलाब्याचे काटे बिघडणार हे स्पष्ट झाले. नानाभाई मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांनी ट्रामला विरोध केला नाही आणि मोजणीही सोडली नाही. अलिबागला, चुंबकत्वाचा लवलेश नसलेल्या दगडाची इमारत बांधून १९०४ साली तेथे मोजणी सुरू केली, आणि दोन वर्षे कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या वहीची नव्या वहीशी सांधेजोड व्हावी. ट्रामही चालली आणि वहीही तुटली नाही. विकास हवा की पहारा हवा, असा प्रश्न कोणी टाकला तर मी अलिबागकडे बोट दाखवतो.

माझा तो सोबती पुढे कुबड्यांवर चालत असे. त्याने मला एकदा विचारले होते, ‘शिटी वाजली असती, तर किती वेळ मिळाला असता रे?’ मी हिशेब केला, दहा-बारा सेकंद. तो म्हणाला, ‘पुरे होते.’ मंडळी, आज आपण बारा मिनिटांवरून काही तासांवर जाण्याची खटपट करीत आहोत. ती करणाऱ्यांना रिकामे म्हणू नका, आणि कोणी म्हणू लागला तर त्याला आपल्या तोंडाने उत्तर द्या, एवढी विनंती करतो.